मी कापलेला हिंदुकुश

आमच्या खेळात इंग्रज खडकीला हरले. मीच हरवले. मास्तरांनी ते कबूल करायला तीन शनिवार घेतले. तोफा कुठे होत्या, मुळेला पाणी किती होतं, घोडदळ चिखलात रुतलं असतं की नसतं, असं विचारून विचारून त्यांनी मला घाम फोडला. शेवटी वहीत लिहिलं, 'अठराशे सतरा. पुणे राहिले.' साल सोडलं तर दोनच शब्द, पण मी घरी जाताना बसमध्ये उभा राहून गेलो तरी पाय दुखले नाहीत.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. गाव कात्रजच्या अलीकडचं. आता त्याला कुणी गाव म्हणत नाही, दोन सोसायट्यांमधली गल्ली म्हणतात. सदाशिव पेठेत शाळांना नकाशे पुरवणारं एक दुकान होतं, तिथे मी एकेचाळीस वर्षं नकाशे कापडावर चढवले. छापखान्यातून भिंतीवरचा मोठा नकाशा अखंड येत नाही, दोन किंवा चार तावांत येतो. ते ताव ओले करायचे, मांजरपाटाला मैद्याची खळ लावायची, एकेक ताव बसवायचा, तळहाताने हवा काढायची. वाळला की वॉर्निश, वर-खाली लाकडी रूळ. सगळं कसब सांध्यात. ओला कागद फुगतो, आणि फुगलेल्या कागदावरची नदी दुसऱ्या तावावर बरोबर त्याच नदीत उतरली पाहिजे. माझा सांधा बोट फिरवून सापडत नसे. किती शाळांमधल्या पोरांनी ज्या जगावर छडी फिरवली ते जग मी चिकटवलेलं होतं. याचा मला गर्व आहे. गर्व करण्यासारखं दुसरं माझ्याकडे फार नाही.

मास्तर त्या पोरांना इतिहास शिकवायचे. दुकानात नकाशा घ्यायला आले की तो पूर्ण उलगडायला लावायचे, चष्मा कपाळावर चढवून सांध्याशी नाक न्यायचे आणि म्हणायचे, "बरा आहे." पेठेतला माणूस 'बरा आहे' म्हणतो तेव्हा त्यापुढे काही मागायचं नसतं.

पुढे शाळांच्या भिंतींवर प्रोजेक्टरचे पडदे आले, नकाशे गेले. दुकान बंद झालं. मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नीही गेल्या. मी मात्र शनिवारी सकाळी बस धरून पेठेत यायचो. काम काही नसायचं. पायांना ती वाट लागलेली होती, एवढंच. बागेत एका बाकावर मास्तर भेटायचे. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, "खडकीला आपण जिंकलो असतो तर?"

"तर काही नाही. इतिहासात 'जर'ला जागा नसते."

"मग कुठे असते?"

"कट्ट्यावर."

"मग आत्ता आपण कुठे बसलोय मास्तर, विद्यापीठात?"

मास्तर हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. म्हणाले, "पुढच्या शनिवारी नकाशा घेऊन या."

असा खेळ सुरू झाला. एका शनिवारी एक वर्ष. आधी मास्तरांनी सांगायचं की त्या वर्षी खरोखर काय झालं. मग मी सांगायचं की पुणे राहिलं असल्यामुळे आता काय होईल. मग मास्तरांची पाळी. ते इंग्रज, तेच फ्रेंच, तेच तुर्क, माझ्याविरुद्ध सगळी दुनिया तेच. मी एकटा पुणे दरबार. ते मला 'सरकार' म्हणायला लागले, मी त्यांना 'लाटसाहेब'. शेजारच्या बाकावरच्या बायका आम्हाला वेडे समजत, आणि त्यांचं फार चुकत नव्हतं.

नकाशा माझ्या घरातला. आशिया खंडाचा, डोंगर तपकिरी, मैदानं हिरवी, वर देशांच्या लाल सीमा. तो मी तरुणपणी स्वतःसाठी चढवला होता, छापखान्याने रद्दीत टाकलेल्या तावांचा. पन्नास वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत होता. सकाळी डोळा उघडला की समोर आशिया. त्याच नकाशावर माझी सगळी भिस्त होती, कारण त्यावर रशियाची हद्द थेट काश्मीरला येऊन टेकत होती. मधे काही नाही. लाल रेघ, अलीकडे आपण, पलीकडे ते.

हा माझा हुकमाचा एक्का मी अठराशे एकोणचाळीस साली काढला. लाहोर दरबाराशी माझा तह होताच. मी झारला निरोप धाडला आणि रशियन तोफा काश्मीरवरून लाहोरात उतरवल्या. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून काश्मीरवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "हिवाळ्यात येऊ नका म्हणावं. उन्हाळ्यात या." आणि लिहिलं, 'रशियन आले.' मला वाटलं होतं लाटसाहेब महिनाभर भांडतील. एका शनिवारात मान तुकवली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडत म्हणाली, "आता त्या रशियन लोकांचा सैपाक कुनी करायचा?"

रशियन होते म्हणून मी टिकलो. इंग्रजांकडे मुंबई आणि कलकत्ता राहिलं, त्यापुढे त्यांची हिंमत झाली नाही. पण राज्य टिकलं की काय होतं हे मला मास्तरांनी दाखवलं. झारला तिकडे काळ्या समुद्राकाठी इंग्रज-फ्रेंचांशी लढाई लागली, त्याने निम्म्या तोफा परत नेल्या. सत्तावनचं बंड आमच्याकडेही झालं, फक्त ते माझ्याविरुद्ध झालं. मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं शिपायांना पेरणीला घरी सोडलं नाहीत सरकार, ते काय तुमच्या पोवाड्यांवर जगतील?" सरदार एकमेकांच्या उरावर बसलेले, कारकून निवाडे दाबून ठेवणारे. शनिवारी घरी जायचो ते खरोखरचं राज्य चालवून आल्यासारखा दमून. वाटायचं, हे इंग्रजांनी नेलं ते एका परीने सुटलो.

मग आलं शहात्तर साल. मास्तरांनी वही मिटली आणि सांगितलं, "पाऊस पाडणं न पाडणं इंग्रजांच्या हातात नव्हतं. दुष्काळ तुमच्याही राज्यात येणार."

"कोठारं उघडतो."

"धान्य वाहून कोण नेणार? बैल मेलेत. आगगाडी बासष्ट साली मी देत होतो, तुम्ही म्हणालात, फिरंग्यांचं धूड माझ्या मुलखात नको."

म्हणालो होतो खरा. माझ्या पणज्याने त्या दुष्काळात चिंचोके भाजून खाल्ले होते, त्याच्या दोन बहिणी त्यात गेल्या. आजा सांगायचा. लहानपणापासून ऐकत आलो की ते पाप इंग्रजांचं. आणि इथे बागेत, फुगेवाल्याची पिपाणी वाजत असताना, मीच त्या दोघींना मारून बसलो होतो. त्या शनिवारी मी पुढे खेळलो नाही. मास्तरांनीही आग्रह केला नाही. बाटलीतलं पाणी माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "राज्यकर्त्याने प्यावं थोडं."

असे आम्ही चौऱ्याऐंशी सालापर्यंत आलो. दोन वर्षं लागली. शतक संपायला सोळा शनिवार उरले होते, आणि शतक संपताना पुणे उभं असलं तर मी जिंकलो, असं ठरलेलं होतं.

त्या दिवशी मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला त्यांचा जावई आला. खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, माणूस वाईट नाही. गाडी लावून बागेत आला आणि बाकावर पसरलेला नकाशा बघून थांबला.

"काका, हा मॅप कुठला आहे? इथे काहीतरी मिसिंग आहे."

"काही मिसिंग नाही. माझ्या हातचा आहे."

"नाही, सिरियसली. रशिया आणि काश्मीर चिकटलेत. मधे अफगाणिस्तानचं टोक असतं ना. हिंदुकुश, पामीर, सगळंच गेलंय. हे बघा, झूम करतो." त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला.

मी फोन बघितला, नकाशा बघितला. वाकून सांध्यावर बोट फिरवलं. आणि बोटानेच मला आठवण करून दिली. ते ताव रद्दीत का गेले होते, तर वरच्या तावाच्या खालच्या कडेला शाई फिसकटली होती. तेवढी दोन बोटांची पट्टी मी कापून टाकली होती आणि उरलेलं जुळवलं होतं. वर तपकिरी डोंगर, खाली तपकिरी डोंगर, तपकिरीला तपकिरी सुरेख बसलं. आमच्या धंद्यात सांधा बघतात, देश बघत नाहीत. त्यानंतर हजारो नकाशे हाताखालून गेले, त्यांत हिंदुकुश असणारच, पण मला तो कधी दिसला नाही. माझा आशिया घरी भिंतीवर होता.

जावई हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. "म्हणजे काकांनी अख्खी पर्वतरांग कट-पेस्ट केली!"

मी मास्तरांकडे बघितलं. ते चपलेत पाय घालत होते, चप्पल सापडत नसल्यासारखे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जाऊ द्या हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." मग एकदा बोलायला लागलेच आहेत तर सगळंच, असा तो मास्तरी स्वभाव. म्हणाले, "आणि पट्टी असती तरी काय? हा नकाशा आपल्या तरुणपणचा. एकोणचाळीस साली रशिया एवढ्या खाली आलेलाच नव्हता. कित्येक महिन्यांच्या वाटेवर होता."

म्हणजे माझा एक्का दोनदा खोटा. पंचेचाळीस वर्षं माझं राज्य ज्या तोफांवर उभं होतं, त्या कधी निघाल्याच नव्हत्या, आणि हा माणूस दर शनिवारी गंभीर चेहऱ्याने ते लिहून घेत होता. लहान पोराला कुस्तीत जिंकू देतात तसं. मी नकाशा गुंडाळला.

"चौथी पास माणसाला छान खेळवलंत मास्तर."

"सरकार, बसा."

"सरकार म्हणू नका."

आणि मी निघालो. मागे वळून बघितलं नाही. वळलो असतो तर बसलो असतो, हे मला माहीत होतं.

त्यानंतर किती शनिवार गेलो नाही ते मोजलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शनिवारी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचो आणि बसेस जाताना बघायचो. बायको म्हणायची, "अवो, जावा की. राज्य गेलं तर गेलं, मानूस हाय न्हवं अजून?" मी म्हणायचो, त्यांनी यावं. ती म्हणायची, "त्यांना दिसत न्हाई, तुम्हास्नी चालवत न्हाई. बसा दोघं दोन टोकाला, रशियावानी."

मग मास्तरांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा बाथरूममध्ये पडले होते. आम्ही त्यांना इकडे खराडीला आणलंय, आता एकटं ठेवता येणार नाही. उजवा हात चालत नाही. खातात कमी." मग म्हणाली, "मला विचारत होते, सरकार रुसलेत की वारले, तेवढं कळव."

फोन ठेवला आणि नकाशा माळ्यावरून काढला. माफी मागायला जायचं असं मी ठरवलं नव्हतं. काम चुकलं होतं, ते दुरुस्त करायचं ठरवलं होतं. गरम पाण्याचं फडकं सांध्यावर ठेवत ठेवत जुनी खळ सोडवली. कापडासह नकाशा आडवा कापला. शेजारच्या मुलीच्या शाळेच्या ॲटलासवरून किती जागा गेली ते मोजलं. तो मुलूख छापलेला ताव आता कुठून आणणार, म्हणून तिथे कोरा कागद बसवला. हाताची सवय मोडली होती. खळेत गुठळ्या राहिल्या, पट्टी एका बाजूला तिरकी गेली. तुर्कस्तानापासून चीनपर्यंत आशियाच्या पोटावरून पांढरा पट्टा. इतकं वाईट काम मी उमेदवारीतसुद्धा केलं नव्हतं.

कात्रजहून खराडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. दोन बस, मधे अर्धा तास उन्हात उभं. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं.

"किधर जाना है?"

मी मजला सांगितला. त्याने माझ्या काखेतली गुंडाळी बघितली, पायातल्या चपला बघितल्या. "डिलिव्हरी?"

तोंडावर आलं होतं की मी पुणे दरबार आहे. पण पाय इतके भरून आले होते, आणि हिंदीत भांडायला जी ताकद लागते ती बसमध्येच संपली होती. म्हटलं, "हां. डिलिव्हरी." त्याने मला मागच्या लिफ्टने पाठवलं, कचऱ्याच्या डब्यांबरोबर.

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. अंगातला सदरा दोन माणसांचा वाटावा इतके वाळलेले. दिसत फारसं नसावं, पण पावलं ओळखली.

"या. झार तरी बरा, एका उन्हाळ्यात आला होता."

मी नकाशा पलंगावर पसरला. मुलीने त्यांना उठवून जवळ नेलं. त्यांनी सवयीने सांध्याशी नाक नेलं, डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"सांधा लागतोय हाताला."

"लागू दे."

"कोरं का ठेवलंत?"

"तिथे काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून."

मास्तर सावकाश पुन्हा बसले. मी म्हणालो, "मागे जायचं. एकोणचाळीस सालापासून पुन्हा. रशियन येत नाहीत. माझं मी बघून घेतो."

"म्हणजे एकोणचाळीस धरून सेहेचाळीस वर्षं पुन्हा, आणि पुढची सोळा."

"हो. फुकटचं राज्य मला नको."

"सरकार," मास्तर म्हणाले, "डॉक्टरांनी मला इतके शनिवार मंजूर केलेले नाहीत."

मुलगी आत गेली. चहाची भांडी वाजली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, काचेचे उंच मनोरे आणि त्यांत कामाला बसलेली माणसं. मग विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"बत्तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "दर वर्षी तोच धडा, तोच पराभव. पोरं बदलायची, निकाल नाही. खडकी, मग लाहोर, मग झाशी. शेवटी शेवटी तर वर्गात शिरतानाच दमायला व्हायचं. म्हटलं, एकदा पुणे पडलं नाही तर कसं दिसेल, बघावं. आणि हिंदुकुश कात्रीने कापणारा सेनापती मला पुन्हा कुठे मिळणार होता?"

"सुरीने. कात्री वापरत नाही आम्ही."

"सुरीने."

मला राग आणायचा होता. इतके महिने सांभाळून ठेवलेला, तो शोधला, आणि सापडला नाही. सापडला तो फक्त थकवा, त्यांचा आणि माझा, बाजूबाजूला बसलेला. खरं राज्य हवं तर ते अर्ध्यात सुटणार. पुरं करायचं तर खोट्या तोफांवर. मी आयुष्यात कुणाची फुकट वस्तू घेतली नाही. लग्नातला आहेरसुद्धा परत केला होता, त्यावरून सासऱ्याने दोन वर्षं बोलणं टाकलं. पण समोर हा माणूस बसला होता आणि त्याच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

मी नकाशा गुंडाळला आणि पलंगाखाली सरकवला. "वही कुठे आहे?"

वही उशाशीच होती. मास्तर म्हणाले, "सोळाच्या सोळा आजच उरकून टाकू. बसा जवळ."

"एकच," मी म्हणालो. "आज एकच. पुढचं पुढच्या शनिवारी."

"अहो, हट्ट काय करताय."

"राज्य माझं आहे."

लिहायचं मलाच होतं. त्यांचा हात चालत नव्हता, आणि माझा कधी चाललाच नव्हता. पेन धरलं की माझी बोटं सुरी धरल्यासारखी वळतात. मास्तरांनी डोळे मिटून खरं काय झालं ते सांगितलं. "पंच्याऐंशी. इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला. तिथल्या राजाला बायकामुलांसकट उचललं, बोटीत घातलं आणि पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं. तो तिथेच समुद्राकडे बघत म्हातारा झाला, तिथेच गेला. परत काही जाता आलं नाही."

"आपल्या रत्नागिरीला?"

"आपल्या."

"आमच्या खेळात रत्नागिरी माझी आहे. तिथे ठेवता यायचं नाही."

"बरं. मग कुठे ठेवू?"

मी विचार केला. फौज पाठवावी, आरमार काढावं, दोन वर्षांपूर्वी हेच केलं असतं. पण आता कुणाला कुठे पाठवायची इच्छा नव्हती.

"राहू द्या त्याला घरीच," मी म्हणालो. "नेऊ नका कुठे."

मास्तरांनी डोळे उघडले आणि माझ्या दिशेने बघितलं. किती दिसलं कोण जाणे. "इंग्रज इतकं सहज सोडणार नाहीत, सरकार."

"मग सांगा की काय करतात. तुमची पाळी आहे लाटसाहेब."

"सांगतो. थांबा जरा."

मी तोवर माझं लिहायला घेतलं. 'ब्रह्मदेशचा राजा घरी राहिला.' एकेक अक्षर दाबून, वेळ घेऊन. मान वर केली तेव्हा मास्तरांची हनुवटी छातीवर आली होती. श्वास चालू होता, मी नीट बघितलं. मुलगी चहा घेऊन आली, हळूच म्हणाली, "काका, हल्ली असे मधेच झोपतात. उठवू का?"

"नको," म्हटलं. "त्यांची खेळी व्हायची आहे."

चार वाजताची बस चुकवली. वही मांडीवर उघडी ठेवून बसून राहिलो.